जुन्या लाकडी फ्लूटवरील कॉन्चेर्टोंचे ध्वनिमुद्रण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्वांत्झ, सी. पी. ई. बाख, मोझार्ट आणि देव्हिएन या अठराव्या शतकातील रचनाकारांचे फ्लूट कॉन्चेर्टो (फ्लूट पुढे आणि वाद्यवृंद साथीला अशा रचना) त्यांच्याच काळातील वाद्यांवर ध्वनिमुद्रित करायचे म्हटले की वादक, ध्वनिमुद्रक आणि श्रोते या तिघांकडून काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरांत माझे मत आहे. जिथे ते आहे तिथे तसे म्हटले आहे.

‘त्या काळातील वाद्ये’ म्हणजे नेमकी कोणती?

फ्लूटपुरते बोलायचे तर लाकडाची, सहा बोटछिद्रांची आणि उजव्या करंगळीखाली एकच चावी असलेली आडवी फ्लूट. तिला ट्रॅव्हर्सो म्हणतात. ती बहुधा बॉक्सवूडची किंवा आबनुसाची असे, क्वचित हस्तिदंताची. तिचे तुकडे एकमेकांत बसवून ती जोडतात. डोक्याचा तुकडा आतून सरळ असतो आणि त्यापुढची नळी शेवटाकडे निमुळती होत जाते. साथीला आतड्याच्या तारा चढवलेली व्हायोलिने, त्या काळच्या घडणीचे हलके गज, मोजक्या चाव्यांचे ओबो आणि व्हॉल्व्ह नसलेले हॉर्न असतात. हॉर्नवादक रचनेच्या सुराप्रमाणे वेगवेगळ्या लांबीची नळी जोडून घेतो आणि उरलेले काही स्वर घंटेच्या (नळीच्या रुंद टोकाच्या) तोंडात हात घालून काढतो.

आजची धातूची फ्लूट इतकी सुधारलेली असताना मागे जाण्याचे कारण काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि याचे उत्तर नीट दिले नाही तर पुढची सगळी खटपट निरर्थक वाटेल.

आजच्या फ्लूटची घडण म्युनिकच्या थिओबाल्ड ब्यॉमची. १८३२ साली त्याने चाव्यांची नवी रचना केली आणि १८४७ साली नळीच बदलून सरळ, समान व्यासाची केली. त्याचा हेतू उघड होता: छिद्रे मोठी आणि योग्य जागी असावीत, आणि प्रत्येक अर्धस्वर दुसऱ्या अर्धस्वराइतकाच मोकळा, खणखणीत निघावा. तो हेतू त्याने पूर्ण साधला. मात्र मोझार्टला जाऊन तोवर चाळीसहून अधिक वर्षे लोटली होती, आणि मोझार्टने लिहिले ते अशा वाद्यासाठी, ज्याचा प्रत्येक स्वर वेगळ्या स्वभावाचा होता.

ट्रॅव्हर्सोची सहाही छिद्रे बंद केली की डी हा स्वर निघतो, आणि एकेक बोट उचलत गेले की डी मेजरचे (डीला षड्ज धरून शुद्ध स्वरांचे) सप्तक मिळते. या सप्तकात नसलेले एफ नॅचरल, जी शार्प, बी फ्लॅट असे स्वर (नॅचरल म्हणजे मूळ स्वर, शार्प म्हणजे अर्धस्वर वर, फ्लॅट म्हणजे अर्धस्वर खाली) काढायचे तर एक छिद्र मोकळे सोडून त्याच्या खालची एखाददोन पुन्हा झाकावी लागतात. आपल्या बासरीवर कोमल स्वर छिद्र अर्धे झाकून निघतात. ट्रॅव्हर्सोची छिद्रे लहान असल्यामुळे तिथे मुख्य भिस्त बोटांच्या या आडवळणी मांडणीवर असते. अशा मांडणीतून आलेला स्वर झाकोळलेला, किंचित आत ओढलेला येतो. बहुतेक एका चावीच्या फ्लूटवर एफ नॅचरल चढा लागतो, म्हणून वादक फ्लूट ओठांशी जरा आत वळवतो. एफ शार्प उतरलेला लागतो, म्हणून ती बाहेर वळवतो. एखाद्या वेगवान ओळीत हे दोन्ही स्वर लागोपाठ आले की वादकाचे मनगट आणि ओठ काय काम करतात, ते फुटभर अंतरावरून पाहण्यासारखे असते.

याचा परिणाम संगीतावर कसा होतो? सी. पी. ई. बाखचा डी मायनर कॉन्चेर्टो घ्या. डी मायनर म्हटले की एफ नॅचरल आणि बी फ्लॅट हे स्वर टाळून चालत नाही. म्हणजे ज्या सुरावटीवर सगळा भावनेचा भार आहे, त्याच सुरावटीतले कळीचे स्वर या वाद्यावर दबलेले आहेत. वादकाला ते ओढून बाहेर काढावे लागतात, आणि त्या धडपडीचा आवाज शेवटच्या वादळी भागात ऐकू येतो. धातूच्या फ्लूटवर तोच भाग चमकदार आणि अधिक सफाईदार होतो, पण प्रकाश आणि सावली एकाच पातळीवर येतात. माझ्या मते स्वरांची ही असमानता हे रचनाकाराच्या हाती असलेले साहित्य होते. ध्वनिमुद्रणाचे प्रत्येक पुढचे पाऊल, जागा, मायक्रोफोन, संकलन, हे सगळे ही असमानता जपते की पुसून टाकते, या एका कसोटीवर तपासावे.

पण मोझार्टला तर फ्लूट आवडतच नव्हती ना?

या समजुतीचे मूळ एका पत्रात आहे. १७७७-७८ च्या हिवाळ्यात मोझार्ट मानहाइममध्ये होता. तिथल्या वाद्यवृंदातला फ्लूटवादक योहान बाप्टिस्ट वेंडलिंग याच्या ओळखीतून त्याला फर्डिनांड देजाँ या हौशी वादकाचे काम मिळाले. देजाँ डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत राहिलेला डॉक्टर होता. ठरले होते २०० गुल्डन, हाती पडले ९६, कारण ठरलेले सगळे काम पूर्ण झाले नव्हते. १४ फेब्रुवारी १७७८ च्या पत्रात वडिलांना याची सफाई देताना मोझार्टने लिहिले की, जे वाद्य सहन होत नाही त्याच्यासाठी सतत लिहावे लागले की मन बधिर होते.

वडिलांच्या रागाला तोंड देणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाचे हे वाक्य आहे. त्यावरून त्याच्या आयुष्यभराच्या आवडीनिवडीचा निवाडा करू नये. त्याच वर्षी पॅरिसमध्ये त्याने फ्लूट आणि हार्प यांचा कॉन्चेर्टो, के. २९९ (के. म्हणजे मोझार्टच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक), लिहिला, आणि पुढे त्याच्या ऑपेरांत व पियानो कॉन्चेर्टोंत फ्लूटला जे काम मिळाले ते तिरस्कारातून आलेले वाटत नाही.

डी मेजरमधला के. ३१४ हा मुळात ओबोसाठी सी मेजरमध्ये लिहिलेला कॉन्चेर्टो होता. फ्लूटसाठी करताना तो एक स्वर वर चढवला गेला, आणि तसा चढवल्यामुळे तो ट्रॅव्हर्सोच्या घरच्या सप्तकात येऊन बसला. वाद्याची जाण असल्याशिवाय हे सुचत नाही. ओबोच्या रूपाचे जुने सुटे भाग १९२० साली साल्झबुर्गमध्ये बर्नहार्ड पाउमगार्टनर यांना सापडले आणि हा संबंध स्पष्ट झाला.

मूळ, संग्रहालयातली फ्लूट वाजवावी की प्रतिकृती?

बहुतेक वेळा प्रतिकृती. दोनशे-अडीचशे वर्षांचे लाकूड आटलेले असते, नळीचा गोलाकार काळाच्या ओघात अंडाकृती झालेला असतो, आणि त्यात रोज तासन्‌तास ओलसर श्वास गेला तर चीर पडण्याचा धोका खरा असतो. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील डेटन मिलर संग्रहात सुमारे १७०० फ्लूट आहेत, त्यांत क्वांत्झने प्रशियाच्या फ्रेडरिक राजासाठी केलेली फ्लूटही आहे. अशा वाद्यांची मापे घेऊन कारागीर नवी फ्लूट घडवतात. ब्रसेल्सच्या रोटनबुर्ग आणि ड्रेस्डेनच्या ग्रेन्झर घराण्याच्या वाद्यांच्या प्रतिकृती आज विशेष वापरात आहेत.

निवड करताना शतकाचा नव्हे, दशकाचा विचार करावा. १७३० च्या फ्लूटचा खर्ज भरदार आणि वरचे सप्तक कष्टाचे. १७८० च्या फ्लूटची नळी अधिक अरुंद, आणि तिचे वरचे स्वर सहज उडतात. मोझार्टची सुरावट वरच्या सप्तकात रमते, म्हणून तिथे ग्रेन्झरच्या धर्तीची फ्लूट योग्य वाटते. क्वांत्झच्या कॉन्चेर्टोला तीच फ्लूट दिली तर मंद भागातली खर्जाची ऊब हरवते.

एकच चावी असावी की सहा-आठ चाव्या?

दोन्हींना त्या काळाचा आधार आहे. क्वांत्झच्या फ्लूटवर तर दोन चाव्या होत्या, आणि दुसरी त्याने केवळ ई फ्लॅट आणि डी शार्प हे दोन स्वर वेगळे वाजावेत म्हणून बसवली होती. आजच्या पियानोवर ते एकच आहेत. क्वांत्झच्या कानाला ते तसे चालत नव्हते. श्रुतींचा विचार असलेल्या आपल्या श्रोत्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

लंडनच्या रिचर्ड पॉटरने १७८५ मध्ये अधिक चाव्यांच्या फ्लूटचे पेटंट घेतले, आणि लाइपझिगचा योहान गेओर्ग ट्रॉमलिट्झ आठ चाव्यांपर्यंत गेला. तरीही १७९५ साली पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत नेमला गेलेला फ्रांस्वा देव्हिएन याची शिक्षणपुस्तिका एका चावीच्या फ्लूटसाठीच आहे. म्हणून देव्हिएनचे कॉन्चेर्टो एका चावीवर वाजवावेत असे मी ठामपणे म्हणतो. मोझार्टबाबत वादकाला मोकळीक द्यावी. मात्र एका कॉन्चेर्टोत एकच वाद्य ठेवावे, अवघड ओळीपुरती फ्लूट बदलू नये.

पट्टी कोणती धरावी?

मोझार्ट आणि त्याच्या समकालीनांसाठी ए स्वर ४३० हर्ट्झवर धरण्याचा प्रघात आज रूढ आहे; तो ४४० च्या आजच्या पट्टीपेक्षा साधारण ४० सेंट (एका अर्धस्वराचे शंभर सेंट) खाली आहे. त्याआधीच्या संगीतासाठी ४१५, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण अर्धस्वर खाली, आणि फ्रेडरिक राजाच्या पॉट्सडॅमच्या दरबारातल्या क्वांत्झसाठी त्याहूनही खाली, ३९२ च्या आसपास. हे आकडे आजच्या वाद्यवृंदांनी सोयीसाठी ठरवलेले आहेत. त्या काळी गावोगावी पट्टी बदलत असे. क्वांत्झने १७५२ च्या आपल्या ग्रंथात याविषयी तक्रार केली आहे, आणि फ्लूटबरोबर वेगवेगळ्या लांबीचे मधले तुकडे देण्याची पद्धत याच अडचणीतून आली.

सी. पी. ई. बाखचे कॉन्चेर्टो आणि मोझार्ट एकाच तबकडीवर घ्यायचे झाले तर पट्टीचा निर्णय सर्वांत आधी व्हावा, कारण ओबो, हॉर्न आणि हार्प्सिकॉर्ड सगळे त्यावर अवलंबून असते.

ध्वनिमुद्रणासाठी जागा कशी असावी?

लाकडी जमीन, उंच छत आणि दीड ते दोन सेकंदांची गुंज असलेली जागा उत्तम. युरोपात यासाठी लहान चर्च किंवा जुने दिवाणखाने वापरतात. अगदी बंदिस्त स्टुडिओत ट्रॅव्हर्सो कोरडी पडते, आणि मोठ्या कॅथीड्रलमध्ये तिचे लहान लहान तोडे एकमेकांत विरघळतात. ज्या संगीतात जिभेच्या ‘ती’ आणि ‘री’ अशा मऊ-कठीण उच्चारांवर ओळीचे बोलणे अवलंबून आहे, तिथे हे विरघळणे फार महागात पडते.

गुंजेइतकेच तापमान पाहावे. हवा एका अंशाने तापली की नळीतला ध्वनीचा वेग वाढतो आणि पट्टी जास्तीत जास्त ३ सेंट चढते; वादकाच्या श्वासाने नळी आतून उबदार असल्याने प्रत्यक्षात काहीशी कमी. आतड्याच्या तारा मात्र उष्णतेने ढिल्या होऊन उतरतात आणि हवेतल्या ओलाव्याने वेगळ्याच हलतात. म्हणजे सकाळी जुळलेले दोन सूर दुपारी विरुद्ध दिशांना चालू लागतात. हिवाळ्यात चर्चचे हीटर टेक (एका सलग वादनाचे मुद्रण) चालू असताना आवाज करतात म्हणून बंद ठेवले जातात, आणि तासाभरात सगळा हिशोब बदलतो. एकदा पहिल्या दिवशी सकाळी घेतलेल्या टेकमधली बारा मात्रांची ओळ मी संध्याकाळच्या टेकमध्ये बसवायला गेलो. वादन तोडीस तोड होते, लयही जुळत होती, पण जोडाच्या जागी जमीन एक पायरी खचल्यासारखी वाटत होती. त्यानंतर दर टेकच्या नोंदीत वेळेबरोबर तापमान लिहिण्याची सवय मी सोडलेली नाही.

मायक्रोफोन कुठे ठेवावेत? फ्लूट तर ऐकूच येत नाही!

ट्रॅव्हर्सोचा आवाज लहान असतो हे खरे, आणि घाईने उपाय केला जातो तो म्हणजे वादकाच्या तोंडाजवळ एक मायक्रोफोन उभा करणे. माझा याला विरोध आहे. इतक्या जवळून फुंकेचा वारा, चावीची टकटक आणि श्वास हे आधी ऐकू येतात, आणि झाकोळलेले स्वर उघड्या स्वरांइतके मोठे होऊन बसतात. जी असमानता टिकवण्यासाठी हे वाद्य निवडले, तीच यंत्राने सपाट केली जाते.

मुख्य चित्र एका जोडीवर उभे करावे: उदाहरणार्थ, एकमेकांपासून १७ सेंटीमीटर अंतरावर आणि ११० अंशांच्या कोनात ठेवलेले दोन मायक्रोफोन, वाद्यवृंदाच्या पुढे आणि माणसाच्या डोक्यापेक्षा बऱ्याच उंचीवर. फ्लूटवादकाला या जोडीच्या अक्षावर, वाद्यवृंदाच्या अर्धवर्तुळाच्या तोंडाशी उभे करावे. त्याच्यासाठी वेगळा मायक्रोफोन ठेवायचाच असेल तर दीड-दोन मीटरवर, वरून खाली पाहणारा, आणि मिश्रणात अगदी थोडा.

समतोलाचे खरे काम वादकांनी आपसांत करायचे असते. मोझार्टने स्वतः ते निम्मे केलेलेच आहे: फ्लूट बोलते तेव्हा साथ पातळ होते, वारा-वाद्ये थांबतात, कधी नुसती व्हायोलिने उरतात. आतड्याच्या तारा आणि हलका गज असला की ‘हळू वाजवा’ या सूचनेला अर्थ येतो. समतोल बिघडला तर आधी हॉर्नवादकांना दोन मीटर मागे आणि भिंतीपासून दूर सरकवून पाहावे. हॉर्नची घंटा मागे तोंड करून असते, आणि मागची दगडी भिंत तो आवाज दामदुपटीने परत पाठवते.

वाद्यवृंद किती मोठा असावा?

लहान. तीन पहिली आणि तीन दुसरी व्हायोलिने, दोन व्हिओला, एक-दोन चेलो आणि एक डबल बास एवढ्यात काम होते.

एक खर्चाची बाब आधीच लक्षात घ्यावी. जी मेजरच्या के. ३१३ मधल्या मंद भागात मोझार्टने ओबो बाजूला ठेवून दोन फ्लूट साथीला घेतल्या आहेत आणि तारवाद्यांना म्यूट (आवाज दबका करणारी चिमटी) लावला आहे. त्या काळी ओबोवादकच तेवढ्यापुरती फ्लूट हाती घेत. आज असे दोन्ही हातांचे वादक मिळणे कठीण असल्याने, त्याच पट्टीची ट्रॅव्हर्सो वाजवणारे दोन वादक केवळ या एका भागासाठी बोलवावे लागतात. तरीही बोलवावेत. तीन लाकडी फ्लूटचा तो एकत्र, मऊ पडदा धातूच्या फ्लूटना साधत नाही, आणि डी मेजर असल्यामुळे तिघींचेही सर्वांत मोकळे स्वर तिथे लागतात.

वादकाकडून दिवसाला किती काम घ्यावे?

लाकडाला विचारून. सतत वाजवले की नळी ओलावा पिते, ओठांखालच्या छिद्राची धार ओली होते आणि स्वर बोथट होतो. पाऊण तास वाजवल्यावर नळी फडक्याने पुसून, तुकडे सोडवून थोडा वेळ ठेवावी. नव्या प्रतिकृतीला आधी काही आठवडे रोज थोडे थोडे वाजवून सवय लावावी आणि आतून बदामाचे किंवा जवसाचे तेल द्यावे. कोरे वाद्य थेट ध्वनिमुद्रणाला आणू नये. एका पंचवीस मिनिटांच्या कॉन्चेर्टोला दोन दिवस धरावेत. तारा दर वीस मिनिटांनी पुन्हा लावाव्या लागतात, आणि तो वेळ वेळापत्रकात आधीच मांडलेला असावा.

संकलनात किती दुरुस्ती योग्य?

चुकीचा स्वर, खोकला, बाहेरून गेलेल्या वाहनाचा आवाज, हे काढावे. सूर यंत्राने सरळ करू नये. संगणकाच्या दुरुस्तीला माहीत असलेला सूर समान अंतरांचा असतो, आणि डी शार्प व ई फ्लॅट वेगळे मानणाऱ्या वाद्यावर तो लादला की हे वाद्य घेतले कशासाठी, असा प्रश्न पडतो. आधी पूर्ण भाग न थांबता दोनदा घ्यावा, त्यातला एक पाया धरावा आणि फक्त गरजेच्या जागी तुकडे जोडावेत. मात्रामात्रा वेचून बांधलेल्या ध्वनिमुद्रणात वादकाचा श्वास कुठे संपला आणि कुठे सुरू झाला हेच कळेनासे होते, आणि फ्लूटच्या संगीतात वाक्य श्वासावर तोललेले असते.

कॅडेन्झा कोणाची वाजवावी?

कॅडेन्झा म्हणजे भागाच्या शेवटाकडे साथ थांबल्यावर एकट्या वादकाने वाजवायचा तोडा. मोझार्टने या कॉन्चेर्टोंसाठी लिहिलेल्या कॅडेन्झा आपल्यापर्यंत आलेल्या नाहीत, म्हणून वादकाने स्वतःची करावी. वाऱ्याच्या वाद्याची कॅडेन्झा एका श्वासात संपावी असे क्वांत्झचे म्हणणे आहे. मोझार्टच्या वेळेपर्यंत ती थोडी लांबली असली, तरी दोन-अडीच मिनिटांची कॅडेन्झा एकोणिसाव्या शतकाची सवय दाखवते. दर टेकला वेगळी वाजवून पाहावी आणि त्यांतली जी सहज आली ती ठेवावी.

व्हायब्राटो (स्वराची थरथर) चालतो का?

अलंकार म्हणून, लांब स्वरावर, जागा पाहून. त्या काळी तो बहुधा बोटाने, छिद्राच्या कडेवर हलकेच थरथर करून काढत. तो स्वराला किंचित खाली झुकवतो, आणि कान देऊन ऐकल्यास छातीच्या व्हायब्राटोपेक्षा निराळा ओळखू येतो.

स्वरलेखन कोणते वापरावे?

मोझार्टसाठी साल्झबुर्गच्या मोझार्टेउम संस्थेने इंटरनेटवर विनामूल्य खुली केलेली नवी समग्र आवृत्ती. के. ३१३ ची मोझार्टच्या हातची प्रत हरवलेली असल्याने जोडखुणा आणि उच्चारांच्या खुणांबाबत संपादकाने घातलेले आणि मुळातले वेगळे काढून पाहावे. जुन्या छापील प्रतींतील नावांवरही विसंबू नये: हायडनच्या नावावर वर्षानुवर्षे वाजवला गेलेला डी मेजर कॉन्चेर्टो व्हिएन्नाच्या लिओपोल्ड होफमानचा आहे.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

बार्टोल्ड कॉयकन यांनी ला पेटीट बान्द या वाद्यवृंदाबरोबर केलेल्या मोझार्टपासून. नंतर लिसा बेझ्नोसियुक यांचे क्रिस्टोफर हॉगवुड आणि अ‍ॅकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिकबरोबरचे, आणि अलेक्सी कोसेंको यांनी आर्ते देई सुओनातोरीबरोबर केलेले सी. पी. ई. बाखचे कॉन्चेर्टो. पहिल्यांदा ऐकताना स्वर थोडे खाली आणि काही ठिकाणी दबलेले वाटतील. त्याच दिवशी धातूच्या फ्लूटशी तुलना करू नये. दोन-चार दिवस फक्त हेच ऐकावे, शक्यतो हेडफोन काढून, आणि आवाज खोलीत जेवढा साहजिक वाटेल तेवढाच ठेवून. मग के. ३१३ चा मंद भाग लावावा आणि म्यूट लावलेल्या तारांमधून एकट्या फ्लूटचा पहिला लांब स्वर कसा वर येतो, ते ऐकावे.